राखणदाराच्या वाटेवरचे बावटे

हल्ली रविवारी सकाळी आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, माणसं धावतात. पणजी-म्हापशाहून गाड्या घेऊन येतात. पायांत पोपटी नाहीतर गुलाबी बूट, मनगटावर घड्याळ, पाठीला पाण्याची पिशवी आणि त्या पिशवीतून थेट तोंडात येणारी नळी. ह्याला ट्रेल रनिंग म्हणतात म्हणे. परवा त्यांतल्या एकाने मला विचारलं, "अंकल, हा रूट कोणी काढला?" मी म्हटलं, "बाबा, हा रूट बैलांनी काढला." तो हसला आणि गेला धावत. मला अंकल म्हटल्याचा राग आला होता, नाहीतर बसवून सगळं सांगितलं असतं. आता तुम्हांला सांगतो.

डिचोली तालुक्यात, मुळगावच्या बाजूला, एका डोंगराच्या पायथ्याशी आमचा गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले म्हातारे अजून काठी घेऊन येतील, आणि त्यांत पहिला माझा थोरला भाऊ असेल. गावातून काजूच्या बागायतीतून चढण चढलं की वर सडा लागतो. उघडाबोडका, काळ्या पडलेल्या चिऱ्याचा, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवताचा. त्याच्यावरून जुनी वाट जाते. पूर्वी ह्या वाटेने मीठ आणि सुकी मासळी घाटावर चढायची आणि घाटावरून मिरची नि गूळ खाली यायचा, सगळं बैलांच्या पाठीवर. वाटेत पोर्तुगीज काळातल्या एका चौकीचा चौथरा आहे. आज्याच्या वेळी तिथे शिपाई उभा असायचा. माझ्या वेळी बकऱ्या असायच्या. मी लहानपणी ह्याच वाटेने डिचोलीला शाळेत धावत जायचो, कारण चालत गेलो की प्रार्थना चुकायची आणि हातावर छडी बसायची. धावण्याची हौस वगैरे काही नव्हती हो.

पण फक्त एका जागी आम्ही पोरं धावायचो नाही. चौथऱ्याच्या उजव्या अंगाला, सड्याच्या टोकाकडे, एक जुना वड आहे आणि त्याच्या मुळाशी एक उभा दगड. तो गावचा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन तो गावाची शीव फिरतो असं आमच्याकडे मानतात. म्हणून लोक त्याला नवस फेडायला चामड्याच्या वहाणा ठेवतात, चांगल्या मोठ्या मापाच्या. त्या वहाणांचे तळवे आपोआप झिजतात, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी काही तळवे तपासले नाहीत. पण त्याच्यासमोरून जायचं तर पायांतलं काढून हातात घ्यायचं आणि सावकाश चालत जायचं, हे आम्हांला कोणी शिकवावं लागलं नाही. घरात आजा पडवीत बसलेला असताना आपण त्याच्यासमोरून उड्या मारत जात नाही ना, तसं ते. गावातला पक्का पिणारा माणूससुद्धा तिथे सरळ चालायचा.

पुढे मी डिचोलीच्याच एका शाळेत पीटीचा मास्तर झालो. पीटीच्या मास्तराला शाळेत काय किंमत असते ते विचारू नका. गणिताचा मास्तर मागे पडला की आमचा तास गणिताला. आणि कोणी साहेब यायचे असले की आमची मुलं कदेलं, म्हणजे खुर्च्या, उचलायला. पण गोवा राज्य झालं आणि त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात आमचा भाव थोडा वधारला. राज्याच्या संघात मुली पाठवायच्या होत्या, त्यासाठी तालुक्यातून क्रॉस कंट्रीच्या मुली निवडायच्या होत्या. बाकीचे मास्तर म्हणाले, मैदानाला फेऱ्या मारायला लावू. मी भडकलो. म्हटलं, "अरे, मैदानाला फेऱ्या मारायला त्या काय घाण्याचे बैल आहेत? आमचा अख्खा डोंगर पडलाय!" शेवटी माझं ऐकलं गेलं, कारण मी गप्प बसत नव्हतो.

खरं कारण वेगळं होतं. माझी भाची आमच्याकडे डिचोलीत शिकायला होती. माझी मोठी बहीण, आमची ताय, पेडण्याला दिलेली. तिचा नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, घरी कधी असायचा तर कधी नसायचा. ही पोर डोंगर चढताना पाहिली असती तर तुम्हीसुद्धा थांबून पाहिलं असतं. मैदानावर ती मधल्यात मधली. चढणीवर मात्र तिच्यामागे कोणी टिकायचं नाही. पण तायच्या सासरी कुरकुर चालली होती. मुलगी अर्ध्या चड्डीत धावते, उन्हात काळी पडते, हातपाय मोडून घेतले तर उद्या कोण करून घेणार तिला? ताय दोन्हीकडून कात्रीत सापडली होती. मला म्हणाली, "एकदा पळूं दे. मी येतलंय बघूक. पण हातापायान धड माझ्यासमोर येवक व्हयी. कायव वायट झाला तर त्याच दिवशी पेडण्याक घेवन जातलंय, आणि मगे धावणा बंद." मी म्हटलं, "ताय, डोंगर माझा आहे. तू निर्धास्त राहा." मोठा आलो होतो निर्धास्त करणारा!

शर्यतीची सूचना मी स्वतः लिहून पंचायतीत दिली होती. अमुक दिवशी सड्यावर मुलींची शर्यत आहे, ग्रामस्थांनी सहकार्य करावं, एवढंच. पण दिवस कसले होते ते आठवा. नुकतंच राजभाषेचं भांडण होऊन गेलेलं, अजून घराघरांत धग होती. सूचना मराठीत होती. एक पंच म्हणाला, कोकणीत हवी. दुसरा म्हणाला, कोकणीत लावा, पण मराठी काढायची नाही. मग तिसऱ्याने विचारलं, वर कुठली आणि खाली कुठली? झालं! ते तिघं तिथे कोकणीतच मराठीसाठी आणि कोकणीसाठी भांडले, आणि सूचना मेजाच्या खणात राहिली. मला हे नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी दवंडी पिटली असती, आणि दवंडी कुठल्या भाषेत म्हणून कोणी विचारलं असतं तर ढोलकं त्याच्या डोक्यात घातलं असतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी वाट आखायला गेलो. जत्रेच्या मंडपाचं उरलेलं लाल कापड होतं, त्याचे बावटे फाडले, बांबूच्या काठ्यांना बांधले. लालच का, तर सुकलेल्या गवतात लांबून दिसतो म्हणून. डिचोलीच्या बाजूने चढलो, बागायतीच्या वरच्या टोकापासून चौथऱ्यापर्यंत बावटे लावले, आणि चौथऱ्याकडून वाट डावीकडे वळवली. तिथून बैलांच्या जुन्या पाणंदीने खाली, गावातल्या देवळासमोरच्या मैदानात, जिथून सुरुवात तिथेच शेवट. उजवीकडे राखणदार, आणि त्याच्या पलीकडे जुनी खाण. खनिज काढून झाल्यावर मालक निघून गेले आणि मागे एक प्रचंड खंदक ठेवला. त्यात पाणी, किती खोल ते कोणाला ठाऊक नाही. कडेने गवत वाढलेलं, आणि गवताखाली भुसभुशीत लाल माती. पाय पडला की कड सरकते. त्याआधी एका पावसाळ्यात तिथे आमच्या वाड्यावरचा एक बैल गेला तो वर आलाच नाही. म्हणून मी शर्यत डावीकडे नेली. डावीकडे काही भीती नव्हती. बावटे लावून झाल्यावर मी आलो तसाच डिचोलीला उतरलो, कारण ऊन मरणाचं होतं आणि अजून पाण्याच्या पिंपाची सोय करायची होती. गावात थोरल्या भावाच्या, दादाच्या घरी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात बऱ्यापैकी गर्दी. तालुक्यातल्या शाळांच्या मुली, त्यांचे मास्तर, बायका, पोरं. ताय पहिल्या बसने पेडण्याहून आलेली, मांडीवर डबा घेऊन पुढच्या कदेलावर बसलेली. भाचीने नवे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, कारण शाळेत मी तिचा मामा नव्हे, सर. मी शिट्टी मारली. मुली बागायतीत शिरल्या, थोडा वेळ झाडांतून रंगीत कपडे दिसले, मग तेही दिसेनासे झाले.

मध्ये माणसं उभी करायला माणसं होती कुठे? दोन मास्तर सुरुवातीला, दोन शेवटाला. बाकी भरवसा बावट्यांवर.

मी पाणंदीच्या तोंडाशी उभा होतो. आता येतील म्हणून बघतोय, तर दादा आला. आंघोळ करून, खांद्यावर पंचा टाकून, तोंडात पान. आमचा दादा गावात शेती करायचा आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीत पुढे असायचा.

"कसली रे गर्दी?" त्याने विचारलं.

"शर्यत आहे. पोरींची."

"खंय धावतत?"

"वर. सड्यावर."

"सड्यार? मगे वाट कशी गावतली त्यांका?"

"मी बावटे लावलेत ना, लाल."

दादा पान चघळायचा थांबला. माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ते बावटे तुजे?"

"मग काय आभाळातून पडले?"

"अरे देवा," दादा म्हणाला, "आमका वाटला खाणवाले इले!"

झालं होतं ते असं. संध्याकाळी गुरं आणायला गेलेल्या माणसांनी सड्यावर लाल बावटे पाहिले. आमच्या तालुक्यात डोंगरावर लाल बावटा दिसला की त्याचा एकच अर्थ, खाणीचा सर्व्हे. आज बावटा, उद्या मशीन, परवा तुमची शेती मातीखाली. दादाने चार माणसं गोळा केली. उपटून टाकायचे म्हणाल, तर पूर्वी एकदा उपटले होते तेव्हा दाराशी पोलीस आले होते. म्हणून ह्या वेळी अक्कल लढवली. बावटे काढले नाहीत, हलवले. चौथऱ्यापासून डावीकडे जाणारे सगळे बावटे उचलून उजवीकडे लावले.

"उजवीकडे कुठे?" मी विचारलं.

"राखणदाराच्या समोरसून, खंदकाकडे. सर्व्हेवाले भायले, ते जोड्यांसकट जातले. मगे राखणदार बघून घेतलो त्यांका, असा आमका वाटला."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मला फक्त ती लाल कड दिसत होती आणि चढणीवर कोणाला न आटोपणारी आमची पोर, मान खाली घालून, एका बावट्यावरून दुसऱ्या बावट्यावर जाणारी. मी तिला धावायला शिकवताना सांगितलं होतं, इकडेतिकडे बघू नकोस, बावटा बघ.

तायने मला बागायतीकडे वळताना पाहिलं. "खंय चललंस रे?"

"पाणी बघून येतो."

"पाणी? डोंगरार?"

मी आणि दादा धावत सुटलो.

चढताना आम्ही दोघं भांडत होतो. दम नव्हता, तरी भांडत होतो. मी म्हटलं, "एकदा विचारायचं तरी होतंस!" तो म्हणाला, "कोणाक विचारूं? पंचायतीच्या फळ्यार कायेक नाय!" मी म्हटलं, "तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?" तो म्हणाला, "आणि तू? घराच्या डोक्यावर येवन गेलंस आणि च्या पिवक इलंस नाय! घोटभर च्या पिलो असतंस तर ह्या झाला असता?" ह्यावर मी आणखी मोठ्याने ओरडलो. तो अनवाणी होता, माझ्याहून मोठा होता, तरी माझ्या पुढे होता. मग मात्र दोघांचे आवाज बंद पडले. नुसता श्वास वाजत होता. मनात मी तायशी बोलत होतो. काय सांगू तिला? खरचटलं असतं तरी मी आनंदाने ऐकून घेतलं असतं. घेऊन जा पेडण्याला, कर तिचं धावणं बंद, फक्त ती असू दे.

वर पोचलो. सडा रिकामा. गवत हलत होतं, माणूस नाही. चौथऱ्यापासून उजवीकडे लाल बावटे एका ओळीत लागलेले, मी लावलेल्यांपेक्षाही सरळ. ओळ वडाशी जात होती आणि वडाच्या पलीकडे खंदकाच्या दिशेने उतरत होती.

"पोरी खंय?" दादा म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आम्ही वडाकडे गेलो. तिथे अलीकडे, गवतात, बूट दिसले. कॅनव्हासचे बूट, चपला, जोडीला जोडी लावून, एका ओळीत. नुसते बूट. मुली नाहीत. मी खाली बसलो. दादाने राखणदारासमोर हात जोडले.

तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं.

वडाच्या मागे, बुंध्याच्या आडोशाला, सावलीत सगळ्या बसल्या होत्या. ओंजळीत आवळे. तोंडं आंबट करून एकमेकींकडे बघून हसत होत्या. आमची भाची उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "मामा, किती येळ ता?" आणि मग मागे बघून, "थोरल्या मामा, तू पण?"

मी तिला धरलं. तिचे हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं. बाकीच्या मुलींना एकेक करून हाक मारली. सगळ्या होत्या, एकीला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला लाज कसली? पीटीचा मास्तर, गळ्यात शिट्टी, मुलींच्या समोर ढसाढसा रडलो. मुली आवळे खायच्या थांबल्या.

"थांबलीस कशी गो?" दादाने तिला विचारलं. "बावटे तर फुडे जातत."

तिला ह्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "बावटे राखणदाराच्या समोरसून जाय होते," ती म्हणाली. "मामा हयसून धावूक सांगूचो नाय. म्हणजे हे बावटे मामाचे नाय."

एवढंच. ती थांबली तशी डिचोली बाजारातली एक मुलगी तिच्या पुढे गेली. तिला ह्या जागेचं काही ठाऊक नव्हतं, ती बुटांसकट वडापलीकडे निघाली होती. आमच्या पोरीने धावत जाऊन तिला वेणीला धरून मागे ओढलं होतं. ती मुलगी अजून गाल फुगवून बसली होती, कारण तिचा पहिला नंबर जात होता. बाकीच्यांना भाचीने सांगितलं, वाट चुकलो असं कळलं की जिथे कळलं तिथेच बसायचं, मामा येईल. आणि इथे बसायचं तर पायांतलं काढून बसायचं. म्हणून ते बूट.

मी त्या बाजारातल्या मुलीला हाताला धरून थोडं पुढे नेलं आणि लांबूनच खंदक दाखवला. तिने पाणी पाहिलं. येताना तिने आमच्या भाचीचा हात धरला तो मैदानापर्यंत सोडला नाही.

दादा अजून दगडासमोर उभा होता. "राखणदारान बघून घेतला खरा," तो म्हणाला, आणि पंच्याने डोळे पुसले. पुढच्याच आठवड्यात त्याने डिचोलीच्या बाजारातून वहाणा करवून आणल्या आणि तिथे ठेवल्या. मापापेक्षा मोठ्या झाल्या असं वहिनी म्हणते.

उतरताना मी आणि दादाने ठरवलं, तायला काही सांगायचं नाही. शर्यत रद्द झाली, बावटे गुरांनी पाडले, विषय संपला. आम्ही मुलींनाही बजावलं. मैदानात पोचलो, आणि भाचीने आईला मिठी मारून पहिल्या दमात सगळं सांगून टाकलं. बावटे, खंदक, वेणी, आवळे, मामा रडला तेसुद्धा. दादा दुसरीकडे बघत होता. मी शिट्टीशी चाळा करत होतो. ताय ऐकत राहिली. तिने पोरीला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि डबा उचलून दादाच्या घराकडे चालू लागली.

घरी वहिनीने उकड्या तांदळाचा भात आणि सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, केली होती. आम्ही सगळे पंगतीला बसलो. मी मनात म्हणत होतो, आता सांगेल, बॅग भर म्हणून. संध्याकाळच्या बसची वेळ मी डोक्यात मोजायला लागलो होतो. तायने दादाला वाढलं, मला वाढलं, हुमणातली मोठी सुंगटं शोधून माझ्या ताटात घातली. मग वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली,

"फुडल्या फावटी आधी घरा येवन च्या पी. आणि मगे बावटे लाय."

दादा हसायला लागला. वहिनीही हसली. मला हसू आलं नाही, कारण मी फक्त पहिलेच दोन शब्द ऐकले होते, पुढच्या वेळी. समोर आमच्या पोरीनेही तेच ऐकलं होतं. तिने मान वर केली नाही, नुसतं ताट पुढे सरकवलं आणि आणखी भात मागितला.